वाचक येतो, पण थांबत का नाही?

या महिन्यात मराठीतून ब्लॉग लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न.

पाककृतींचा ब्लॉग दीड वर्ष लिहिते आहे. गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकांचा लेख बरेच जण उघडतात, पण नंतर कुणी फिरकत नाही. लेखाची सुरुवात बाप्पाच्या आगमनाच्या लगबगीने करते, मग आजोळच्या आठवणी, शेवटी कृती. काय चुकतं? – एक वाचक, सांगली

तुमचा लेख कोण, कधी उघडतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. चतुर्थीची सकाळ, परातीत उकड, एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हातात फोन. लगबग तिच्या घरात आहेच, तिला तुमच्याकडून ती नको आहे. तिला एवढंच विचारायचं आहे की पारी, म्हणजे मोदकाचं आवरण, का चिरते? पहिलं वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर असू द्या: ‘पाकळ्या काढताना पारी चिरत असेल, तर उकड कोरडी राहिली आहे किंवा गार झाल्यावर मळली आहे.’ ज्याला हे वाक्य लागू पडतं, तो लेख सोडत नाही.

मग प्रमाण. एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. वाटी केवढी तेही लिहा, म्हणजे सारणाचा गूळ आणि खोबरं मोजताना गोंधळ होत नाही. पाण्याला उकळी आल्यावर पीठ घालायचं, मंद आचेवर झाकून दोन-तीन मिनिटं वाफ आणायची आणि गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची. ‘अंदाजाने पाणी’ असं लिहिलंत तर ज्याला अंदाज नाही तोच वाचक गळतो, आणि लेख तर त्याच्यासाठीच होता. कारणही द्या: जुन्या तांदळाचं पीठ पाणी जास्त ओढतं, म्हणून दोन-तीन चमचे पाणी वाढवावं लागतं. कारण कळलं की वाचक स्वतःच्या घरातल्या पिठाला तुमची कृती जुळवून घेतो. मोदक जमतो, आणि तुमचं नाव त्याच्या लक्षात राहतं.

बिघडलेलं कसं सावरायचं याचा वेगळा परिच्छेद हवाच. कोरड्या उकडीला कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा वाफ द्यायची, चिकट असेल तर तुपाचा हात घेऊन मळायची. अनेक लेखांत हा भाग नसतो. पुन्हा येण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र तोच असतो.

आणि लेखाच्या शेवटी ‘आणखी वाचा’ म्हणून दहा दुवे टांगू नका, एकच द्या. मोदक झाल्यावर उकड उरते आणि तिच्या निवगऱ्या, म्हणजे वाफवलेल्या तिखट-मिठाच्या चकत्या, होतात. निवगऱ्यांच्या लेखाचा दुवा तिथे असेल तर तो दाबला जाईल, कारण पुढच्या अर्ध्या तासात ते लागणारच आहे. वाचकाला पुढे काय लागेल ते ओळखून ते आधीच लिहून ठेवणं, हेच जोडलेला वाचक मिळवण्याचं खरं काम आहे. आजोळच्या आठवणी फेकू नका. त्यांचा स्वतंत्र लेख करा. तो निवांत दुपारी वाचला जाईल.

गडकिल्ल्यांवर लिहितो. हरिश्चंद्रगडावर अडीच हजार शब्दांचा लेख केला, इतिहासापासून वनस्पतींपर्यंत सगळं घातलं. मित्र म्हणतात, फार लांब झाला. लहान करू का? – एक वाचक, जुन्नर

लांबीचा दोष नाही. एका लेखात तीन वेगळे वाचक कोंबले गेलेत. शनिवारी निघणाऱ्याला वाट हवी आहे, मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला मंदिर आणि केदारेश्वराची गुहा, आणि तिसऱ्याला झाडंझुडपं. तीन लेख करा आणि ते एकमेकांना जोडा.

वाटेच्या लेखात पाचनई, खिरेश्वरहून तोलारखिंड आणि नळीची वाट या तिन्ही एका ओळीत उरकू नका. पाचनईची वाट नवख्यालाही जमते. नळीच्या वाटेला प्रस्तरारोहणाची सवय, दोर आणि जाणकार सोबती लागतो. हा फरक धूसर राहिला तर तो वाचकाच्या जिवावर बेततो. कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला, पाठीवर किती वजन होतं, पाण्याचं कोणतं टाकं कोणत्या महिन्यात भरलेलं पाहिलं हे लिहा. ‘गडावर पाणी आहे’ हे ऑक्टोबरातलं वाक्य मे महिन्यात खोटं ठरू शकतं. म्हणून लेखाच्या माथ्यावर दोन तारखा ठेवा: गडावर कधी गेलात ती, आणि लेख शेवटचा कधी तपासलात ती. दर पावसाळ्यानंतर वाट बदलली का, एसटीची वेळ बदलली का, ते विचारून दुसरी तारीख पुढे न्या. जुना लेख ताजा ठेवणं नवा लेख लिहिण्याइतकंच मोलाचं आहे. आम्ही तर म्हणू, महिन्यातला चौथा हिस्सा वेळ त्यालाच द्यावा.

किती वेळा लिहावं? सुरुवातीला रोज लिहिलं, आता दोन महिने काहीच नाही. – एक वाचक, बेळगाव

महिन्यातून दोनदा लिहा, पण वार ठरवून. मराठी वाचकाला वाट पाहायची सवय आहे. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली आला, आणि दिवाळीत अंक हवाच ही ओढ आजही आहे, कारण दिवस ठरलेला आहे. पुन्हा सुरू करण्याआधी चार लेख पूर्ण लिहून बाजूला ठेवा. ही दोन महिन्यांची शिल्लक झाली. घरात आजारपण आलं, कामाचा रेटा वाढला, तर शिल्लकीतून काढायचं. शिल्लक दोनवर आली की नवा विषय शोधत बसू नका, हातात आहे तोच पुरा करा.

लेख व्हॉट्सॲपवर पाठवला की दुवा चार-पाच ओळींचा, टक्क्याच्या चिन्हांनी भरलेला दिसतो. लोक तो संशयास्पद समजून उघडत नाहीत. – एक वाचक, इंदूर

देवनागरी शीर्षकाचा पत्ता बनताना हे होतं. संगणकावर अक्षरं साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात एकेक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका ‘क’ची नऊ चिन्हं झाली, काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी नऊ-नऊ. वर्डप्रेस असा पत्ता २०० चिन्हांवर कापतं, त्यामुळे साधारण २२ देवनागरी चिन्हांनंतर शीर्षक अर्धवट तुटतं. गूगलचं ‘ब्लॉगर’ पत्त्यात देवनागरी घेतच नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ असं ठोकळेबाज रोमन नाव देतं आणि पुढे आकडे जोडतं.

उपाय सोपा आहे, पण लेख प्रसिद्ध करण्याआधीच करायचा. पर्मालिंकच्या, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या, चौकटीत रोमन लिपीत तीन-चार शब्द स्वतः टाइप करा आणि मध्ये आडव्या रेघा (-) द्या. शीर्षक देवनागरीतच राहू द्या. आधी प्रसिद्ध झालेल्या लेखांचे पत्ते मात्र बदलू नका, नाहीतर लोकांनी पुढे पाठवलेले जुने दुवे बंद पडतील.

आता पान उघडल्यावर काय दिसतं तेही पाहा. इंग्रजीसाठी बनवलेल्या अनेक तयार थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत जास्तीचं अंतर दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ते अंतर शून्य करा. वर रफार-मात्रा आणि खाली उकार-जोडाक्षरं असल्यामुळे ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.७ पट हवं, आणि अक्षर किमान १८ पिक्सेलचं. मजकूर दोन्ही कडांना जुळवू नका. मराठी शब्द लांब, फोनचा पडदा अरुंद, त्यामुळे शब्दांमध्ये खिंडारं पडतात. परिच्छेद तीन-चार वाक्यांचा पुरे.

माझ्या ब्लॉगवर ईमेल-नोंदणीची चौकट आहे, तरी कुणाला मेल जात नाही. नियमित वाचकांपर्यंत पोहोचू कसं? – एक वाचक, रत्नागिरी

ती चौकट बहुधा गूगलच्या फीडबर्नर या सेवेवर चालणारी आहे. त्यांनी ईमेल पाठवणं २०२१ सालच्या जुलैत थांबवलं, चौकट तशीच राहिली. ती काढून टाका, कारण नोंदणी करूनही काही न मिळालेला वाचक दुखावतो.

व्हॉट्सॲप वापरायचं तर गट करू नका, गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप जातो. ‘पाठवलं पण मिळालं नाही’ याचं नेहमीचं कारण हेच. म्हणून परवानगी विचारतानाच नंबर साठवायला सांगा. निरोपात नुसता दुवा टाकू नका. लेखात नेमकं काय मिळेल ते दोन ओळींत लिहा, आणि ‘नको असल्यास कळवा’ हेही.

मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत? – एक वाचक, सावंतवाडी

निवेदन ज्या भाषेत तुमचा हात सरळ चालतो तिच्यात, आणि वस्तूंची नावं गावची. मात्र पहिल्यांदा नाव येताच त्याच वाक्यात ओळख द्या: ‘बाजारात पेडवे, म्हणजे तारली, आले होते.’ विदर्भातला वाचक अडखळत नाही आणि पेडव्यांचं नावही जगतं. शीर्षकात दोन्ही नावं घातली तर शोधणाऱ्यालाही लेख सापडतो. एकाच लेखात ‘करायचं’ आणि ‘करायचे’ मिसळू नका. कोणतंही एक घ्या आणि शेवटपर्यंत पाळा.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ब्लॉगवर कविता पूर्ण छापली तर चालते का? – एक वाचक, नाशिक

भारतात कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली; त्यांच्या अशा कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. पूर्ण कविता हवी असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्या. रसग्रहण करताना गरजेपुरत्या ओळी कवीच्या नावासह देता येतात.