कॉलेज रेडिओ जॉइन करू का? (उत्तर जरा लांबलंय)

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात मुलांनीच चालवलेलं रेडिओ स्टेशन आहे, जावं का, पुढे करिअरला काही उपयोग होतो का, आणि "तिथले मित्र आयुष्यभर टिकतात" असं सिनियर सांगतात ते खरं की नुसतं नवीन पोरं गोळा करायला. मी तीन वर्षं केलंय, शेवटच्या वर्षी तर वर्गात कमी आणि स्टुडिओतच जास्त होते, आता त्याला बरीच वर्षं झाली. म्हणून लांबड लावते, सहन कर.

आधी सरळ उत्तर. रेडिओत नोकरी लागेल या आशेने जाणार असशील तर नको जाऊस. आम्ही पंधरा-सोळा जण होतो, त्यातली एकच आज आवाजाच्या धंद्यात आहे आणि ती पण माईकसमोर नाही, साउंड एडिटिंग करते. बाकी कोणी वकील, कोणी नर्सिंगमध्ये, दोघं-तिघं सॉफ्टवेअरमध्ये, एक जण शाळेत शिकवतो, मी स्वतः मालाची ने-आण बघते, म्हणजे कुठला ट्रक कुठे अडकलाय हे दिवसभर शोधायचं. रेडिओशी काडीचा संबंध नाही. तरी यातल्या कोणालाही विचार, काम कुठे शिकलास, तर कॉलेजचं नाव घेणार नाही, स्टेशनचं घेईल.

आता लोक म्हणतात की कॉन्फिडन्स येतो, कम्युनिकेशन सुधारतं वगैरे. येतो की, पण तो वादविवाद स्पर्धेत पण येतो, नाटकात पण येतो. रेडिओ जे शिकवतो ते वेगळंच आहे, तो घड्याळ शिकवतो. तुझा शो नऊला संपतो म्हणजे नऊलाच संपतो, नऊ वाजून चार सेकंदांनी नाही, कारण नऊला दुसरं कोणीतरी बसणार असतं. मग शेवटचं गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं असेल तर ते कधी सुरू करायचं हे नऊपासून उलटं मोजत यायचं, मध्ये तीस सेकंदांची घोषणा, त्याआधी वीस सेकंद तुझं बोलणं, म्हणजे ८:५५ ला तुझ्या तोंडातलं वाक्य सुरू झालेलं पाहिजे. पहिले दोन महिने हे जमतच नाही. नंतर ते असं अंगात भिनतं की मी आजही ट्रकचं वेळापत्रक शेवटाकडूनच मोजते, आणि टीममधली नवीन मुलं विचारतात तुम्ही उलटं का मोजता.

एक प्रसंग सांगते. माझा स्लॉट सकाळी आठचा होता, कोणालाच नको असलेला, म्हणून नवीन पोरीला दिला. माझ्या आधी सातचा एक मुलगा होता, एक वर्ष सिनियर, त्याला सगळे सातवाला म्हणायचे (माझ्या फोनमध्ये तो अजून त्याच नावाने सेव्ह आहे, घरच्यांना वाटायचं कोणीतरी रोज सात वाजता काहीतरी पोचवणारा माणूस आहे). तो त्याचं शेवटचं गाणं लावायचा, उठायचा, खुर्ची माझ्याकडे ढकलायचा. गाणं संपेपर्यंतच्या तीन-साडेतीन मिनिटांत मी हेडफोन लावायचा, लॉगबुकात सही करायची, माझं पहिलं गाणं रांगेत टाकायचं. त्या दिवशी सगळं केलं, गाणं संपलं, मी एकदम खुशीत नमस्कार म्हणून सुरुवात केली आणि बोलतच राहिले. बोलत होते दोन नंबरच्या माईकवर, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर केला होता एकचा. समोर मीटरचा काटा झोपलेला, पण तो बघायचा असतो हे तेव्हा कुठे कळतंय. सातवाला तोपर्यंत जिन्यात पोचला होता, तिथे कॉरिडॉरच्या स्पीकरवर त्याला काहीच ऐकू आलं नाही म्हणून तो उलटा धावत आला, माझ्या खांद्यावरून हात घालून बरोबर फेडर वर सरकवला आणि एक शब्द न बोलता परत गेला.

खरी गंमत पुढे आहे. आमच्याकडे लॉगबुकात स्वतःची चूक स्वतःच लिहायची पद्धत होती. मी तासभर टाळलं, मग लिहिलं, "८:००, ११ सेकंद शांतता, चुकीचा फेडर." दुसऱ्या दिवशी बघते तर खाली सातवाल्याच्या अक्षरात, "माझी पण चूक. दोन्ही माईक तपासून द्यायला हवे होते." त्याचं खरं तर काहीच चुकलं नव्हतं. नोकरीत पहिल्यांदा मोठा घोळ घातला तेव्हा मी तसाच मेल लिहिला, इतक्या वाजता हे झालं, माझ्यामुळे झालं, आत्तापर्यंत एवढं सावरलंय. साहेब बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले, कारण त्यांना बहुतेक दोन पानांची सारवासारव अपेक्षित होती.

दुसरी गोष्ट मुलाखतीची. कॉलेजच्या जुन्या लॅब असिस्टंटची मुलाखत घ्यायला आम्ही दोघी गेलो, चाळीस मिनिटं मस्त बोलले ते, परत येऊन बघतो तर रेकॉर्डिंगच नाही. मशीनवर लेव्हल हलत होती म्हणून आम्हाला वाटलं चालू आहे, पण ती नुसती आवाज आत येतोय एवढंच दाखवत होती, रेकॉर्डचं बटण दोनदा दाबायचं असतं हे दोघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. रडू यायचं बाकी होतं. आमची स्टेशन मॅनेजर, जी स्वतः तिसऱ्या वर्षाची पोरगीच, ती म्हणाली जा आणि परत विचारा, खरं कारण सांगा. गेलो. ते हसले आणि दुसऱ्यांदा भलतंच काहीतरी सांगायला लागले, पहिल्यांदा नोकरीबद्दल बोलले होते, आता सुरुवातीच्या दिवसांत फुटलेल्या काचसामानाबद्दल आणि ते कसं लपवलं त्याबद्दल. तीच मुलाखत पुढे आमचा सगळ्यात ऐकला गेलेला कार्यक्रम झाला. माझ्याबरोबर होती तीच आज साउंड एडिटिंग करते आणि कितीही महागडं मशीन असलं तरी सुरुवातीला दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकते, मगच माणसाला बोलायला सांगते.

आता मैत्रीचं. मला वाटतं लोक याचं कारण चुकीचं सांगतात. म्हणे एकसारखी आवड असते म्हणून मैत्री होते. आमच्या कोणाच्याच आवडी जुळत नव्हत्या, सातवाल्याची गाणी मला आजही सहन होत नाहीत. मैत्री होते ती पाळी बदलताना. रोज तेच माणूस तुझ्या आधी, तेच तुझ्या नंतर, मध्ये तीन मिनिटं, ज्यात मोठ्याने बोलताही येत नाही कारण शेजारचा माईक उघडा असू शकतो. शिवाय तुझा शो जगात बाकी कोणी ऐको न ऐको, हा ऐकत असतो, कारण त्याला वेळेवर यायचं असतं. पहिल्या सहा महिन्यांत माझा खात्रीचा श्रोता म्हणजे नऊला येणारी मुलगी, ती पावणेनऊपासून काचेपलीकडे उभी असायची आणि मी बोलताना "म्हणजे" किती वेळा म्हटलं ते बोटांवर मोजून दाखवायची.

भांडणं पण झाली, उगाच गोड गोड सांगत नाही. दुसऱ्या वर्षी मी कार्यक्रम समितीवर आले आणि संध्याकाळचा चांगला स्लॉट सातवाल्याऐवजी दुसऱ्याला दिला. मला तेव्हाही ते बरोबर वाटत होतं आणि आजही वाटतं, त्याला नाही. चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. पण सात आणि आठ काही बदलले नव्हते, त्यामुळे रोज समोरासमोर यायचोच, आणि आठ वाजता स्टेशन तर चालू राहिलं पाहिजे. मग तो कन्सोलवर चिठ्ठ्या चिकटवायला लागला. "माईक १ खरखरतो." "डावा प्लेयर अडकतो, हळू दाब." मी पण त्याच्यासाठी ठेवायला लागले. हळूहळू त्यात बाकीचं यायला लागलं, "कालचा शो बरा होता," मग "आवाज बसलाय तुझा, आज कमी बोल." एक दिवस चिठ्ठी ठेवायच्या ऐवजी तो बोललाच. त्या चिठ्ठ्यांतल्या काही माझ्याकडे अजून आहेत, गोंद सुकलाय.

हे फक्त आमचंच कौतुक नाही. ही सगळी भानगडच मुळात होस्टेलच्या खोल्यांमधून सुरू झालीय. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन पोरांनी होस्टेलमध्ये तारा ओढून खोल्या जोडल्या आणि त्यावरून कार्यक्रम सुरू केले, आणि १९४० मध्ये त्याच दोघांनी कॉलेज स्टेशनांची संघटना उभी केली. न्यूयॉर्कजवळच्या अडेल्फी विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू स्टेशनवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिल स्टेफनी प्रोग्राम डायरेक्टर होता, त्याने हँक शॉकली आणि चक डी या मंडळींना शो दिला, आणि त्या टोळक्यातून पब्लिक एनिमी हा रॅप ग्रुप आला. यात मला आवडणारा भाग असा की चक डी तिथे ग्राफिक डिझाइन शिकत होता आणि स्टेफनी नंतर डेफ जॅम कंपनीत गेला, म्हणजे ज्याने शो दिला तोच पुढे रेकॉर्ड कंपनीत बसलेला. सिएटलमध्ये तसंच. वॉशिंग्टन विद्यापीठाचं केसीएमयू १९७२ मध्ये सुरू झालं (आता केईएक्सपी म्हणतात), तिथे ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन दोघांचे वेगवेगळे शो होते, त्यांची गाठ घालून दिली तिथेच डीजे असलेल्या किम थायिलने, आणि त्या दोघांनी मिळून सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी चालवली, जिने १९८९ मध्ये निर्वाना या रॉक बँडचा पहिला अल्बम काढला. थायिल स्वतः साउंडगार्डन या रॉक बँडचा गिटारिस्ट. नीट बघ, इथे कोणी कोणाला नोकरी लावून दिली नाही, याला काय जमतं हे त्याला आधीपासून ऐकून माहीत होतं एवढंच. ओळख आणि वशिला यात फरक असतो तो हाच.

अर्थात हे गाजलेले लोक झाले, त्यांच्यामागे हजारो पोरं असतील ज्यांनी नुसतीच गाणी लावली आणि घरी गेली. आमच्यातले पण चार-पाच जण आता कुठे आहेत मला माहीत नाही. जे फक्त माईकसाठी आले होते ते बहुतेक दोन महिन्यांत गळले, कारण माईकवर दिवसात एक तास मिळतो आणि बाकी सगळा वेळ केबल गुंडाळणं, लायब्ररीला लेबलं लावणं, आणि कोणीतरी आजारी पडलं म्हणून पहाटे उठून त्याच्या जागी बसणं यात जातो. मैत्री टिकली ती या गुंडाळणाऱ्यांची. मार्कांचं पण सांगते, एका सेमिस्टरला माझे जोरदार घसरले, त्याला रेडिओच जबाबदार होता. मॅनेजरने एक महिना माझा स्लॉट काढून घेतला, तेव्हा राग आला होता, आता नाही.

जायच्या आधी एकच गोष्ट नीट बघ: स्टेशन खरंच पोरं चालवतात का? स्टुडिओची चावी कोणाकडे असते, कोणाचा शो बंद करायचा हे कोण ठरवतं, चूक झाली तर उत्तर कोण देतं. हे सगळं प्राध्यापकांकडे असेल आणि मुलं फक्त लिहून दिलेलं वाचत असतील तर मी सांगतेय त्यातलं फारसं काही मिळणार नाही, थोडा आवाज सुधारेल. भारतात कॅम्पसवरचं रेडिओ उशिरा आलं, शैक्षणिक संस्थांना कम्युनिटी रेडिओची (म्हणजे छोट्या परिसरापुरत्या, नफ्यासाठी नसलेल्या रेडिओची) परवानगी द्यायचं धोरण डिसेंबर २००२ चं, आणि पहिलं स्टेशन चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं, १ फेब्रुवारी २००४ ला. लायसन्स संस्थेच्या नावावर असतं, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात, त्यामुळे संस्थेतली मोठी माणसं लगाम हातात ठेवतात, त्यांचंही पूर्णपणे चूक नाही. पण त्यातही कार्यक्रम, वेळापत्रक आणि लॉगबुक मुलांच्या हातात असेल तर पुष्कळ झालं. नुसतं इंटरनेटवर चालणारं असलं तरी कमी समजू नकोस, १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी स्टेशननेच इंटरनेटवर प्रसारण सुरू केलं होतं, तेव्हा कॉलेजची पोरं यात पहिल्यापासून आहेत. फक्त लाइव्ह असू दे. आधी रेकॉर्ड करून, कापून-जोडून टाकायचं असेल तर ते पॉडकास्ट झालं, चांगलं असतं, पण त्यात जिन्यातून धावत कोणी येत नाही.

पहिल्या दिवशी गेलास की मला शो द्या म्हणू नकोस. कोणता स्लॉट रिकामा पडतो ते विचार, आणि तो घे. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या माणसाचा शो बाहेर बसून पूर्ण ऐक. मीटरच्या काट्याकडे बघायची सवय लाव. आणि हेडफोन स्वतःचा घेऊन जा, स्टुडिओतले सगळे एकाच कानाने चालतात.