जुन्या अल्टोच्या हेडलाइटचा उजेड पडत नाही. 100/90 चे बल्ब टाकू की एलईडी?

तुमची अल्टो 2008 ची, रात्री ताम्हिणी उतरताना पुढचा रस्ता दिसत नाही आणि गॅरेजवाला म्हणतोय, '100/90 टाका, नाहीतर सरळ एलईडी लावा.' माझं ऐकाल तर दोन्ही नको. गाडी नवी होती तेव्हा याच 60/55 वॅटच्या (लांबच्या अप्परला 60, जवळच्या डिपरला 55) एच4 बल्बवर, म्हणजे एकाच बल्बात दोन्ही फिलामेंट असलेल्या प्रकारावर, रस्ता दिसत होता ना? म्हणजे मधे कुठेतरी उजेड गळतोय. तो कुठे, ते आधी शोधा.

सुरुवात काचेपासून करा. काच म्हणायची पद्धत, आहे ते पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. त्यावर उन्हापासून वाचवणारा एक पातळ थर कंपनीतूनच येतो. गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिली की तो पिवळा पडून सुटायला लागतो. हेडलाइटवर मगभर पाणी ओता. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर खराबी बाहेरून आहे, पॉलिशने निघेल. ओली असतानाही अंधुकच राहिली तर टॉर्च मारून आतला रिफ्लेक्टर बघा. त्याची चकाकी उडून तो राखाडी झाला असेल तर घासत बसू नका, अख्खी असेंब्ली, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट पूर्ण हेडलाइट, बदलायची. घेताना मारुतीची जिन्युइन किंवा लुमॅक्ससारख्या कंपनीची घ्या. स्वस्तातल्या लोकल मालात रिफ्लेक्टरचा आकारच धड नसतो, मग बल्ब कितीही चांगला असू दे, उजेड झाडांवर पडतो.

पॉलिश घरी करणार असाल तर कडेच्या पेंटवर मास्किंग टेप लावा आणि 800, 1500, 2000 या क्रमाने पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. सुरुवातीला पिवळट पाणी सुटतं. ते दुधासारखं पांढरं सुटायला लागलं की जुना थर गेला. शेवटी रबिंग कंपाउंड. टूथपेस्टच्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. चमक येते, पण संरक्षक थर नसल्यामुळे थोड्याच महिन्यांत काच पुन्हा पिवळी. घासून झाल्यावर पेंटरकडून क्लिअर कोट मारून घ्या किंवा पारदर्शक फिल्म लावा.

आता वायरिंग. जुन्या गाडीत खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते आणि इथेच कोणी बघत नाही. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा. 14 च्या आसपास मिळेल. मग बल्ब होल्डरमध्ये बसलेला असतानाच मागच्या बाजूने पिना टेकवून तिथे मोजा. होल्डर काढून रिकाम्यावर मोजलंत तर आकडा छान येईल आणि कळणार काहीच नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो, त्यामुळे बॅटरीवर 14 आणि बल्बपाशी 12 मिळत असतील तर उजेड जवळजवळ 40 टक्के कमी झालेला असतो. बल्ब नवाकोरा टाकलात तरी तो तसाच पिवळा जळणार.

हे दोन व्होल्ट जातात कुठे? अर्थिंगच्या (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरच्या) गंजलेल्या बोल्टमध्ये, काळ्या पडलेल्या होल्डरमध्ये आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट त्या स्विचमधूनच फिरून येतो. अर्थिंगची जागा घासून घट्ट करा, होल्डर सिरॅमिकचे घ्या. तरी फरक पडला नाही तर रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असलेलं तयार वायरिंग मिळतं, ते बसवून घ्या. त्यात बल्बला करंट फ्यूजमधून थेट बॅटरीकडून येतो, स्विच फक्त रिले ओढतो. कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनचं हे तासाभराचं काम, आणि माझ्या मते या सगळ्यात पैसे टाकण्यासारखी जागा हीच.

याच वायरिंगवर 100/90 टाकले तर काय होईल ते बघा. अप्परला दोन बल्ब मिळून 10 अँपिअर ओढतात, ते 16-17 ओढायला लागतील. आधीच गरम होणारा होल्डर वितळेल, रिफ्लेक्टरही भाजेल. एलईडीची अडचण वेगळी. एच4 मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते, उजेड वर जाऊ न देणारी, आणि रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड अगदी त्याच जागेवरून निघत नाही, म्हणून तो फाकतो. तुम्हाला गाडीपुढचं पांढरंशुभ्र दिसतं, लांबचं नाही, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय गाडीच्या मूळ बनावटीत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ची आडकाठी आहेच.

बल्ब बदलणं सोपं आहे. होल्डर ओढायचा, रबरी टोपी काढायची, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करायची. बल्बच्या चकतीचे तीन कान एकाच स्थितीत बसतात, त्यामुळे जोर लावू नका. त्याच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो. आणि ती रबरी टोपी परत नीट चढवा. गॅरेजमध्ये ती बऱ्याचदा 'कशाला हवी' म्हणून फेकून देतात आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. निळ्या काचेचे बल्ब घेऊ नका, निळा रंग उजेड खातो.

शेवटी लेव्हल. टायरमध्ये हवा बरोबर भरा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणाला तरी बसवा आणि सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी आणि डाव्या हाताला थोडी वर चढलेली. असेंब्लीच्या मागच्या स्क्रूने ती वर-खाली होते. डिकी भरून कोकणात निघालात की गाडीचं नाक वर होतं. डॅशबोर्डवर लेव्हलिंगचं बटण असेल तर ते 1 किंवा 2 वर घ्या.