मिनिमलिस्ट डिझायनरला कृष्णवर्णीयांचं चित्रण खरंच जमतं का?

तुमचा मुद्दा असा, की नाक-डोळे गाळून चार आकार नि दोन रंगांत काम करणाऱ्याने कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधित्वाच्या गप्पा मारू नयेत, कारण तपशील गेले की माणूसही गेला.

साफ चूक. माणूस जातो तो आळसामुळे. हे मी पुण्यातल्या एका स्टुडिओत बसून, अमेरिकन क्लायंटांसाठी फ्लॅट इलस्ट्रेशनं, म्हणजे छटा-सावल्या नसलेली सपाट रंगांची चित्रं, पाडत असताना बघितलंय.

आरोग्यविम्याच्या एका ॲपचं काम आलं होतं. ब्रीफ, म्हणजे क्लायंटची मागणी काय, तर माणसं 'डायव्हर्स', वेगवेगळ्या वंशांची हवीत. आमच्या सरांची रीत ठरलेली: एक कुटुंब काढायचं, कॉपी मारायची, कातडीचा फिल, म्हणजे आत भरलेला रंग, बदलायचा. तेच सरळ नाक, तेच खांद्यावर रुळणारे केस, वर तयार रंगपेटीतला तपकिरी रंग. झाली आफ्रिकन-अमेरिकन आई तयार! मी म्हटलं, सर, चेहरा हवा तर कोरा ठेवू, पण केसांचा आकार तरी तिचा असू दे. बारीक वेण्या घालू किंवा आफ्रो, म्हणजे गोल फुगलेले कुरळे केस, ठेवू. आणि रंग गडद ठेवू, जवळजवळ काळा. नुसतं बोललो नाही, फाइल करून दाखवली. मागे गडद निळा, पुढे ती, कानात एक पिवळी रिंग. बस. मला विचाराल तर त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम.

सर म्हणाले, "अरे, मोबाइलवर नुसता डाग दिसेल. क्लायंट फाडून खाईल." मग स्वतः माउस घेऊन त्यांनी तो रंग उजळवत नेला, इतका की बाई थेट सदाशिव पेठेतली वाटायला लागली. केसही परत सरळ. क्लायंटला आवडलं, हे मला अजून जेवणाच्या टेबलावर ऐकवलं जातं. आवडणारच, त्याला दुसरं दाखवलं कोणी होतं?

काळ्यावर काळं दिसत नाही म्हणणाऱ्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार केरी जेम्स मार्शलचं 1980 सालचं स्वतःचं व्यक्तिचित्र बघावं. जेमतेम वहीच्या पानाएवढं. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस, उठून दिसतात ते डोळ्यांतलं पांढरं, शर्टाचा तुकडा आणि एक दात पडलेलं हसू. अमेरिकेत काळ्या माणसांची जी विकृत टिंगलचित्रं काढली जायची, तेच हसू त्याने उचलून बघणाऱ्याच्या अंगावर सोडलंय. पुढे तो आयव्हरी, मार्स आणि कार्बन अशा नावांचे वेगवेगळे काळे रंग वापरतो आणि त्यांत इतर रंग मिसळून एकेका काळ्याला उबदार किंवा थंड करतो. आमच्याकडे काळा म्हणजे कॉम्प्युटरवरचा एकच रंग-कोड, सहा शून्यं.

आणि ग्लेन लायगन या दुसऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकाराने तर माणूसच काढला नाही. 1 फेब्रुवारी 1968 ला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि तिच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे 1,300 कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकावर एकच वाक्य होतं: 'आय ॲम अ मॅन', त्यातल्या 'ॲम'खाली रेघ. पांढरा कागद, काळी अक्षरं. 1988 साली लायगनने तोच फलक कॅनव्हासवर रंगवला. कालांतराने रंगाला तडे गेले, तर 2000 साली त्याने चित्राच्या छापील प्रतीवर चित्रसंवर्धकाकडून एकेक तडा, एकेक डाग खुणा करून नोंदवून घेतला आणि तीही कलाकृती म्हणून मांडली. यात कुठे आहे चेहरा? तरी तो संप समोर उभा राहतो की नाही?

एमी शेराल्ड ही कृष्णवर्णीय चित्रकार अजून तिसरंच करते. मिशेल ओबामांचं तिने काढलेलं आणि 2018 साली खुलं झालेलं चित्र आठवा: त्वचा करड्या रंगात, मागे सपाट निळं. तिथे मात्र चेहरा आहे, नीट आहे.

म्हणून डिझायनर असाल तर फिल शेवटी ठरवा. आधी केस, उभं राहण्याची ढब आणि चित्राच्या मधोमध कोण आहे ते.

आता राहिलेलं. मी कृष्णवर्णीय नाही, तेव्हा एखादं चित्र त्यांना आपलं वाटतं का, हे तेच सांगणार. शिवाय प्रत्येक काळ्या कलाकाराने 'प्रतिनिधित्व' केलंच पाहिजे ही अपेक्षा हाही एक जाचच. अल्मा थॉमस ही अमेरिकन चित्रकार नुसते रंगांचे ठोकळे रंगवायची, आणि 1972 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शन भरलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

आणि सर, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. मार्शलचं 'पास्ट टाइम्स' मिनिमल वगैरे मुळीच नाही, पण त्यातली माणसं तशीच कुळकुळीत काळी आहेत. 2018 साली लिलावात ते 2.11 कोटी डॉलरला गेलं. कोणी फिल उजळवून मागितला नाही.