विषय काढावा की काढू नये?

“बाबांसमोर आईचा विषय काढावा की काढू नये?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षानुवर्षे येत आहे. कधी बाबांच्या जागी सासूबाई असतात, कधी तरुण वयात नवरा गेलेली वहिनी, कधी मूल गमावलेली बहीण. नाव घेतले तर जखमेवरची खपली निघेल, ही भीती मात्र सगळ्यांची सारखीच असते. पुढील अनुभवात ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा मुलगा आणि सून प्रथम माझ्याकडे आले. आईंना जाऊन आठ महिने झाले होते. बाबांना त्रास होऊ नये म्हणून दोघांनी मनापासून जपले होते; बैठकीतला फोटो आतल्या खोलीत नेला होता, साड्या नात्यात वाटून टाकल्या होत्या आणि जेवताना आईंचा विषय निघणार नाही याची काळजी घेतली होती. तरीही बाबा आईंचा मोबाईल न चुकता रिचार्ज करत आणि रात्री उशिरापर्यंत तो हातात घेऊन बसत. “ते कुठल्या टप्प्यावर अडकलेत, मॅडम?” मुलाने विचारले.

नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या शोकाच्या पाच टप्प्यांची ही कल्पना मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडली ती मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून, मागे राहिलेल्यांना तपासण्यासाठी नव्हे. त्या पायऱ्यांवर माणसाला उभे करून मोजण्याच्या मी विरोधात आहे, आणि हे मी त्या दोघांना स्पष्टपणे सांगितले.

काका आले ते मुलांच्या समाधानासाठी. सुरुवातीच्या भेटींत ते पेन्शनबद्दल आणि गुडघ्याबद्दल बोलत राहिले. मीही घाई केली नाही. विश्वास बसल्यावर मी इतकेच विचारले, “काका, काकूंच्या फोनमध्ये तुम्ही काय बघता?”

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढला. काकूंच्या भजनी मंडळाचा ग्रुप उघडला. गुरुवारच्या भजनाला कोण कोण येणार याची यादी दर बुधवारी त्यावर येत असे. कुणीतरी जुनीच यादी पुढे पाठवायचे आणि येणाऱ्या बायका आपल्या नावापुढे खूण करायच्या. सातवे नाव काकूंचे होते. ते कुणी काढले नव्हते.

“घरात तिचं नाव कुणी घेत नाही, मॅडम. इथे दर बुधवारी येतं,” असे म्हणून त्यांनी ती यादी मला पहिल्या नावापासून वाचून दाखवली. सातव्या नावाशी आवाज कापला, पण ते थांबले नाहीत.

काका भूतकाळात अडकलेले नव्हते. ज्या घरात काकू इतकी वर्षे वावरल्या, त्या घरात त्यांचा उल्लेखही उरला नव्हता, म्हणून ते जिथे उल्लेख होता तिथे जात होते. पुढच्या भेटीला मी तिघांनाही बोलावले.

“आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास होईल,” मुलगा म्हणाला.

“आणि मला वाटलं, तुम्हाला विसरायचंय. उगाच मध्ये कशाला यावं?”

तेव्हा सून हळूच म्हणाली, “बाबा, आईंच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण कुणाला विचारावं तेच मला कळत नव्हतं.” काकांनी ते धने-खोबऱ्यापासून सांगितले आणि दगडफूल ती जरा जास्तच घालायची, हेही सांगितले. उरलेला वेळ ती तिघेच बोलत होती. मला मध्ये पडावे लागले नाही, आणि समुपदेशक म्हणून याहून मोठे समाधान मला ठाऊक नाही.

गेलेल्या माणसापासून मन पूर्णपणे सोडवून घेतले म्हणजे शोक संपला, असे पूर्वी मानसशास्त्रातही मानले जाई. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये याच्या उलट मांडणी केली: नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते. मी याच विचाराने काम करते. आपल्या रीतींमध्येही तो आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नसेल, तर घाटावर हात जोडून “धाकटीचं लग्न आम्ही नीट करू” असे गेलेल्या माणसाला सर्वांसमक्ष सांगितले जाते. तेरावा झाला की मात्र आपण घरात तोच विषय बंद करून टाकतो.

म्हणून विषय काढावा, असेच मी सांगते. नाव घ्यावे, एखादी आठवण सांगावी, आणि समोरची व्यक्ती रडली तर तिला रडू द्यावे. ते अश्रू आपल्या बोलण्यामुळे निर्माण झालेले नसतात, ते आधीपासूनच तिथे असतात. मात्र तिला बोलायचे नसेल, तर आग्रह धरू नये. “निदान हाल तरी झाले नाहीत” किंवा “आता मुलांसाठी घट्ट व्हा” ही वाक्ये टाळावीत. “काही लागलं तर सांगा” यापेक्षा “उद्या बँकेत मी तुमच्याबरोबर येतो” हे अधिक उपयोगी पडते, कारण दुःखात असलेल्या माणसाला मागण्याचेही बळ नसते. भेटायला येणाऱ्यांची गर्दी पहिल्या पंधरवड्यात असते; खरी गरज पुढच्या महिन्यांत, पहिल्या दिवाळीला आणि वाढदिवसाला असते.

काही वेळा मात्र घरच्यांचा आधार पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घकाळ रेंगाळलेला शोक’ ही स्वतंत्र नोंद आहे. किमान सहा महिने उलटूनही तीव्र ओढ किंवा वेदना सतत टिकून असेल, ती त्या समाजात अपेक्षित असलेल्या काळापेक्षा स्पष्टपणे जास्त लांबली असेल आणि रोजची कामेही होत नसतील, तर तज्ज्ञांना भेटावे. जगणेच नको, असे कुणी बोलून दाखवले तर एक दिवसही थांबू नये; त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.