लक्ष्मी बघायचीय, पण सासूबाई सोबत!

प्रश्न : ताई, नोव्हेंबरमध्ये इटलीला जातोय, नेपल्सला दोनच दिवस आहेत. मी, मिस्टर, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात सापडलेली लक्ष्मीची मूर्ती तिथल्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे असं सासूबाईंनी कुठेतरी वाचलंय, तेव्हापासून त्यांचं तेच चाललंय. आधी पॉम्पेई करू की म्युझियम? – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी पॉम्पेई. तिथली बरीचशी घरं रिकामी आहेत, पुष्कळ चांगली चित्रं नि मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं) काढून केव्हाच म्युझियममध्ये नेलीत, त्यामुळे घर आधी बघितलं की दुसऱ्या दिवशी त्यातला ऐवज बघायला मजा येते. फक्त मंगळवारी म्युझियम बंद असतं, तो दिवस पॉम्पेईला टाका. म्युझियमला निदान चार तास ठेवा. मेट्रोचं स्टेशन अगदी समोरच, नावच म्युझिओ.

आता लक्ष्मी. ती ठेवलीय 'गुप्त दालना'त, म्हणजे जिथे पॉम्पेईची बरीचशी कामुक चित्रं नि शिल्पं एकत्र केलीयत तिथे! (14 वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबतच सोडतात.) सासूबाईंना आधीच कल्पना द्या, नाहीतर तिथे तुम्हीच कानकोंड्या व्हाल. मूर्ती हस्तिदंती, जेमतेम 25 सेंटीमीटर, 1938 मध्ये सापडली, हातभर बांगड्या, पायात जाडजूड वाळे, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. अंगावर दागिनेच काय ते, कपडा जवळपास नाहीच, त्यामुळे ही लक्ष्मी नसून यक्षी (निसर्ग नि सुफलतेची देवता) असावी असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण हे सासूबाईंना परत आल्यावर सांगा.

मुलाला पाव दाखवा. पॉम्पेईसारखंच गाडलं गेलेलं जवळचं शहर हर्क्युलेनियम, तिथला, इसवी सन 79 च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात जळून कोळसा झालेला, त्यावर केलर नावाच्या गुलामाचा शिक्का अजून वाचता येतो. मला त्या भल्यामोठ्या फार्नेसे हर्क्युलिसच्या पुतळ्यापेक्षा हा पावच जास्त लक्षात राहिलाय. तिथल्या अलेक्झांडरच्या लढाईच्या प्रसिद्ध मोझेकचं दुरुस्तीचं काम काढलं होतं, दालनंही आलटूनपालटून बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आधी वेबसाइट बघाच.

आणि हो, लातूरचे आहात तर आधी तेरला जाऊन या ना! या मूर्तीची हस्तिदंती बहीण शोभावी अशी मूर्ती तिथल्या म्युझियममध्ये आहे, तेर म्हणजे जुनं व्यापारी शहर तगर, इथला माल भडोचमार्गे रोमन जहाजांवर चढायचा. सासूबाईंचं गोरोबाकाकांचं दर्शनही होईल.