टीएसएच ६.२ आलाय? आधी हे वाचा
ताई, घाबरू नका. टीएसएच हा रक्ततपासणीतला आकडा म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला सोडलेला हुकूम. थायरॉइड मंदावली की हुकूम वाढतो. आकडा जास्त म्हणजे थायरॉइड कमी. नवख्यांची पहिली गफलत इथेच होते.

सध्या एवढंच पाहा:

- सोबत फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवते त्या हार्मोनची तपासणी) केलाय का? तो नॉर्मल असेल तर डॉक्टर बरेचदा लगेच थायरॉइडची गोळी न देता काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. गरोदर असाल तर मात्र थांबू नका, तेव्हाची रेंजच वेगळी.
- केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेताय? त्याने आकडे फसवे येतात. तपासणीआधी निदान दोन दिवस बंद.

गोळी सुरू झालीच, तर ६ ते ८ आठवड्यांआधी टीएसएच करून पैसे घालवू नका. आणि जावेचा डोस बघून स्वतःचा बदलायचा नाही!