कौन्सिलच्या मीटिंगमध्ये साध्या रहिवाशाने बोलून काही फरक पडतो का?

पडतो, पण तयारीने जायला हवं. आमच्या कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण फुटलं होतं, फोन करून करून थकलो, मग लेखी तक्रार दिली, फोटो जोडला, पोच घेतली आणि तो तक्रार नंबर घेऊनच मीटिंगला गेलो, आठवड्यात नवीन झाकण बसलं. बोलायला बऱ्याच ठिकाणी 2-3 मिनिटंच मिळतात, म्हणून एकच मुद्दा धरा, जागा नेमकी सांगा. अजेंडा आधी वाचा, त्यात नसलेल्या विषयावर त्याच दिवशी ठराव बहुतेक होत नाही. आणि फुटपाथ, नवीन लाइट असं मोठं काम हवं असेल तर बजेट मंजूर व्हायच्या आधीच जा, नंतर पैसे दुसरीकडे लागलेले असतात हो. इतिवृत्तात तुमचं म्हणणं आलंय का तेही बघा.